टिकाऊ हँड ट्रकचं प्रोजेक्ट

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. प्रोजेक्टची नोंद राहिली पाहिजे.

प्रोजेक्ट असं: सौ.चं मिरची कांडपाचं मशीन मीरासाहेबांच्या भाड्याच्या खोलीतून आमच्या नव्या गाळ्यात न्यायचं. बाजारतळ ओलांडला की गाळा. मीरासाहेबांना ईदच्या आधी खोली रिकामी हवी, मुलाला तिथं मोबाइलचं दुकान टाकून द्यायचंय. मशीन बिडाचं, साडेतीन क्विंटलचं. मार्चमध्ये मसाल्याचा सीझन सुरू होतो. तेव्हा मशीन बंद राहिलं तर तळेगावातल्या बायका मिरच्या घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. कंपनीनं मला घरी बसवल्यापासून घर या मशीनवर चाललंय.

सौ. म्हणाली, नवनाथला सांगते. नवनाथ तिचा भाऊ, न्हावऱ्याला असतो, स्वतःचा पिकअप आहे. मी विचारलं, नवरा शिक्रापूरच्या कंपनीत एवढी वर्षं मटेरियल हँडलिंगला होता आणि मशीन मेव्हण्यानं हलवायचं? (गेट पास फाडणं हेही मटेरियल हँडलिंगच.) सौ. मिरच्या पाखडायला उठून गेली. म्हणजे पटलं.

निर्णय: चांगला टिकाऊ हँड ट्रक घ्यायचा. मशीन मी एकटा हलवणार.

५ फेब्रुवारी
नवनाथचा फोन. म्हणे दाजी, चार पोरं आन् दोन पाइप घिऊन येतो, तासाभराचं काम हाय. मी म्हणालो, काम पद्धतशीर व्हायचंय. तो हसला. लोक शिकत नाहीत ते असे.

घरात सगळे हँड ट्रकला ढकलगाडी म्हणतायत. सौ.ला कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन चाकं, उभी फ्रेम, खाली जाड पत्रा. पत्रा मालाखाली सरकवायचा, मूठ मागं कलवायची, चालू पडायचं. बाईमाणूससुद्धा क्विंटलभर वजन नेईल. ती म्हणाली, लई छान, आता ही देठं मोडायला घ्या.

दोन पाट्या मिरच्यांची देठं मोडली. डोळ्याला हात लागला.

११ फेब्रुवारी
गेला आठवडा मोबाइलवर हँड ट्रकचे रिव्ह्यू वाचले. एकाचं चाक पहिल्याच फ्रिजला निखळलं. एकाची मूठ हातात आली. एकानं पाच स्टार देऊन लिहिलंय, अजून वापरला नाही.

सगळ्यांना एक वर्षाची वॉरंटी. म्हणजे कंपनीलाच खात्री नाही. मला आयुष्यभराचा हवा.

उद्यापासून रोज पहाटे पाच वाजता उठून जोर-बैठका. हँड ट्रक चालवणारा माणूसही टिकाऊ पाहिजे.

१२ फेब्रुवारी
साडेआठला उठलो. रात्री रिव्ह्यू वाचत होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
स्टडी टूर. एसटीनं दौंड. स्टेशनवर पार्सलच्या गाड्या पाहिल्या. काय लोखंड! प्लॅटफॉर्म तिकीट काढून दुपारभर चाकं न्याहाळली, वितीनं मापं घेतली. एका हमालानं दोनदा येऊन विचारलं, पार्सल कुठं हाय? मी म्हणालो, अभ्यास चालू आहे. तो दुसऱ्या हमालाला घेऊन आला आणि दोघं माझ्याकडं बघत बसले. लोकांना अभ्यासाची सवय नाही.

निष्कर्ष: चाक लोखंडी हवं. हवेचं चाक बाभळीच्या काट्यानं बसतं, रबराचं झिजतं.

सौ.ला दौंडहून पेढे आणले. तिनं विचारलं, गाडी आणली का? म्हणालो, दिशा मिळाली.

२० फेब्रुवारी
शिक्रापूरला इरशाद फॅब्रिकेशनवाल्याकडं ऑर्डर दिली. हुशार कारागीर, पण विचार लहान. त्यानं पाच एमएमची प्लेट सुचवली. मी विचारलं, फॅक्टर ऑफ सेफ्टी किती धरलास? तो म्हणाला, काका, मशीन एकदाच न्यायचंय ना? मी बारा एमएम सांगितली.

उभा, तिरका, आडवा, तिन्ही पोझिशनमध्ये राहणारा करायला सांगितला. आडवा केला की चार पायांवर सपाट. असा सबंध तालुक्यात कुणाकडं नसेल. उद्या लोक भाड्यानं मागतील. सौ.च्या पाटीखाली आपली पाटी: रोहिदास मटेरियल हँडलिंग. आतापासूनच गर्व नको, पण पाटी पिवळी चांगली दिसेल.

२७ फेब्रुवारी
इरशादकडं गेलो. रात्री विचार केला होता की पाइप आतून पोकळ असतो. पोकळ वस्तूचा भरवसा काय? आत सळया घालायला लावल्या. इरशादनं वेल्डिंगचा चष्मा वर केला आणि म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं.

चाकं भंगारातून मिळाली. कसल्या मशीनची आहेत ते दुकानदारालाही माहीत नाही. एक उचलून बघायला गेलो. कमरेत चमक. व्यायाम सुरू केलाच पाहिजे.

५ मार्च
रोजे सुरू झालेत. इरशाद दुपारी काम बंद ठेवतो, ते बरोबरच आहे. मीही त्याच्यासमोर चहा पीत नाही. शेजारच्या टपरीवर जाऊन पितो.

मीरासाहेब घरी आले होते. म्हणाले, रोहिदासभाऊ, घाई न्हाई, पण रंगारी ठरलाय इसाव्या तारखेला. मी त्यांना तीन पोझिशनचं चित्र दाखवलं. ते माशाल्ला म्हणाले आणि सौ.कडं बघितलं. सौ.नं मान खाली घातली. लाजली असावी.

१० मार्च
सीझन लागला. दारात मिरच्यांच्या पिशव्यांची रांग. सौ. पहाटेपासून मशीनवर उभी असते, ठसक्यानं आवाज बसलाय. आज जेवताना म्हणाली, अहो, इस तारखेला मशीन हललं न्हाई तर म्या काय करू? आवाज बसल्यामुळं हळू बोलली, पण ते जास्तच ऐकू आलं.

मला तिला एकदाच काहीतरी करून दाखवायचंय. दोन वर्षं ती कमावते आणि मी देठं मोडतो. कुणी बोलून दाखवत नाही. तीही नाही. तिनं बोललेलं परवडलं असतं.

म्हणालो, निर्धास्त राहा.

१५ मार्च
हँड ट्रक तयार! रंग पिवळा. दृष्ट लागेल असा.

किरकोळ मुद्दा: तो कलत नाही. मी मूठ धरून मागं ओढली, मीच पुढं गेलो. इरशाद आणि त्याचा कामगार दोघं लोंबकळले तेव्हा जरा हलला. इरशादनं काट्यावर चढवला. एक क्विंटल ब्याऐंशी किलो. रिकामा. त्यानं विचारलं, काका, हा उचलायला दुसरा बनवू का? विनोदी स्वभाव आहे. मी हसलो नाही.

उपाय: मूठ दोन फूट लांब करायची. मूठ लांब तेवढा जोर कमी, हे शाळेत शिकवलेलं आहे.

१९ मार्च
मूठ लांब झाली. आता तो मूठ धरून कलतो, पण गाळ्याच्या दारातून जाणार नाही. दार मोजायचं राहिलं होतं. मूठ परत कापायची. इरशाद म्हणाला, उद्या दुपारपर्यंत देतो, अल्लाकसम शेवटचं.

सौ.ला सांगितलं, उद्या चारला हँड ट्रक दारात. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, बरं. डबा बांधून देते, उपाशी राहू नका.

किती विश्वास!

२० मार्च, गुरुवार
दिवसभर शिक्रापूर. मूठ कापली. ट्रायल घेतली. तिघं लोंबकळलो तेव्हा शेडमध्ये सहा फूट चालला. डोळ्यांत पाणी आलं.

टेम्पो उद्या सकाळी मिळणार म्हणून संध्याकाळी एकटाच परतलो. खोलीवर गेलो तर खोली रिकामी. मशीन नाही! मीरासाहेब भिंती झाडत होते. मी चोर, चोर म्हणून ओरडणार होतो, तेवढ्यात ते म्हणाले, सकाळीच नेलं की. तुम्ही एसटीत बसला आन् नवनाथ आला.

बाजारतळ ओलांडताना लांबूनच कांडपाची धडधड ऐकू आली. नवनाथनं मशीनचे भाग सुटे केले, पोरांनी पिकअपमध्ये टाकले, तिकडं जोडले. दुपारी बारालाच मिरची पडली होती. एकही गिऱ्हाईक गेलं नाही. नवनाथ म्हणाला, दाजी, ताईनं सांगितलं होतं का दाजींना वाईट वाटंल, ते नसताना ये.

वाईट वाटलं. फार वाटलं. सीझन वाचला याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम होतात हे माहीत नव्हतं. जेवलो नाही. सौ.नं ताट झाकून ठेवलं. नंतर जेवलो.

२१ मार्च
टेम्पो आला. घेऊन जा म्हणणार होतो, पण इरशादनं मेहनत केलीय. टेम्पोतून उतरवताना पाच जणांच्या हातून सुटला. गाळ्याच्या पडवीत, दाराच्या डाव्या अंगाला, आडव्या पोझिशनमध्ये पडला. पडवीची फरशी फुटून चारही पाय खाली रुतले. हँड ट्रकला ओरखडा नाही.

पोझिशन बदलायची पिन वाकून बसलीय, आता उभा होत नाही. नवनाथ पहार घेऊन आला. हलला नाही. पिकअपला दोर बांधून ओढला. दोर तुटला.

सौ.नं बाहेर येऊन पाहिलं. म्हणाली, राहू द्या तिथंच. मी रोजनिशी बंद करायचं ठरवलंय.

३० मार्च, पाडवा
शेवटची नोंद.

नव्या गाळ्यात गुढी उभारली. गिऱ्हाइकांची गर्दी. जुन्या खोलीपुढं बायका उन्हात उभ्या राहायच्या, इथं पडवीत सावली आहे. सकाळी शेवंताबाई आल्या, पिशवी ठेवली आणि हँड ट्रकवर बसल्या. मग त्यांच्या सुना बसल्या. मग कोण कोण बसलं. मोजल्या तेव्हा सात होत्या आणि आठवीसाठी सरकत होत्या. जराही करकरला नाही.

शेवंताबाई म्हणाल्या, बसायची सोय बेस केली गं नकुशे, कुणी बनवली?

सौ. आतून ओरडून म्हणाली, आमच्या ह्यांनी. सोताच्या डोक्यानं. बाकडं असं हाय का पिकअपला हलंना!

सगळ्या बायका माझ्याकडं वळून बघायला लागल्या. दोन वर्षांत माझ्याबद्दल ती चारचौघांत एवढं मोठ्यानं बोलली नव्हती. तीन पोझिशन, बारा एमएमची प्लेट, फॅक्टर ऑफ सेफ्टी, सगळं सांगायला तोंड उघडलं होतं.

मग म्हणालो, व्हय, बाकडंच आहे.