डाव्या हाताची गिटार

रविवार, १ डिसेंबर २०१३
नवीन पनवेल

प्रिय वनिता,

आज नळाचं पाणी लवकर गेलं. त्याआधी पिंप भरून घेतलं, तुळशीला पाणी घातलं. दहाच्या सुमारास तुझा भाऊ हिराजी उरणहून टेम्पो घेऊन आला. दुपारी जेवून परत गेला. आपल्या मृणालला पुण्याला दोनदा फोन केला. दिवसभरात घडलं ते एवढंच.

मला पत्रं लिहायची सवय नाही. लग्नाआधी मी तुला एकच पत्र लिहिलं होतं, आणि त्यात निम्मं पावसापाण्याबद्दल होतं असं तू सगळ्यांना सांगत असायचीस. पण आज घरात तुझी फळी आली आहे. हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय तिला करवत कशी लावू?

आठवतं ना, गेल्या वर्षीची भाऊबीज? ओवाळून झालं आणि हिराजीने साडीची पिशवी पुढे केली. तू म्हणालीस, "साड्या खूप झाल्या रे. बाबांची होडी मोडशील तेव्हा त्यातली एक फळी मला दे."

"फळी? पाट करतेस काय?"

"गिटार करतेय."

त्याच्या हातातली करंजी हातातच राहिली. माझ्याकडे बघून म्हणाला, "भावोजी, हिचं डोकं ठिकानावर हाय ना?"

या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. मीही फोन केला नाही. तू जाऊन वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे दिवाळी आपल्याकडे नव्हतीच. आज दार उघडलं तर खांद्यावर सागाची फळी घेऊन उभा. "भाऊबीजेलाच येनार होतो," म्हणाला. "पाय नाय निघाला."

फळी चांगली रुंद आहे. खिळ्यांच्या भोकांभोवती काळी पडली आहे, ती जागा टाळता येईल. तुझ्या बाबांनी काय लाकूड निवडलं होतं गं!

हे सगळं सुरू झालं ते मृणालने क्लास सोडला आणि तिची गिटार कपाटावर धूळ खात पडली तेव्हा. "पैसे घातलेत, कोणीतरी वाजवायला हवी," असं म्हणत चाळिशी उलटून गेल्यावर तू तिच्याच सरांकडे नाव घातलंस. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "काकू, उलटी धरलीत." तू म्हणालीस, "मला अशीच जमते." शेवटी त्यांनी तारा काढून उलट्या क्रमाने लावून दिल्या.

तू डावखुरी आहेस हे लग्नाला कितीतरी दिवस झाल्यावर मला कळलं. रांगोळी काढताना पाठमोरी होतीस आणि डावा हात सरसर चालला होता. मला बघून एकदम हात बदललास. लहानपणी जेवताना आई पदराच्या टोकाने डावा हात बांधून ठेवायची, हे तू हसत सांगितलंस. शाळेत पाटीवरचं लिहिणं उजव्या हाताने, इकडे माझ्या आईसमोर हळदीकुंकू, प्रसाद, वाढणं सगळं उजव्या हाताने. "उजवा हात देवाचा आणि पाहुण्यांचा," तू म्हणायचीस. "डावा माझा." गिटार त्या डाव्या हाताची होती.

मग तुझी बोटं दुखायला लागली. सरांनी सांगितलं, इलेक्ट्रिक गिटारच्या तारा मऊ असतात, आणि कानाला हेडफोन लावला तर पहाटेसुद्धा कोणाची झोप न मोडता वाजवता येईल. तुला ते पहाटेचं फार आवडलं. आपण दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "लेफ्ट हँड? ऑर्डर द्यावी लागेल मॅडम, कधी येईल सांगता येणार नाही. त्यापेक्षा हात बदला ना!"

परत येताना रिक्षात, वडाळे तलावापाशी म्हणालीस, "हात बदला म्हणे! बदलला की एकदा." आणि थोड्या वेळाने, "अहो, तुम्ही डिप्लोमाला ड्रॉइंग शिकलात ना? मग आपणच करू की."

त्यानंतरचे आपले रविवार कसे गेले ते मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. फरशीवर कागद पसरायचा, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवायच्या, आणि तू सांगायचीस, मी काढायचो. पहिलं चित्र मी दिवसभर खपून काढलं आणि सवयीने उजव्या हाताचं काढलं! तू कागद उचललास, पालथा केलास, खिडकीच्या काचेवर धरलास. मागून उजेड आला. "आता बरोबर," म्हणालीस.

बटण एकच हवं, आवाजाचं. "बाकीची फिरवणार कोण?" तुझा खांदा दुखायचा म्हणून आतून लाकूड पोखरून हलकं करायचं. दांडा तेवढा मुंबईहून तयार मागवायचा, कारण त्यावरच्या पट्ट्या घरी बसवणं माझ्या आवाक्यातलं नाही. रंगावरून मात्र आपलं कधी जमलं नाही. मला लाकडाचाच रंग ठेवायचा होता, तुला होडीसारखा निळा.

माझ्या जासईच्या ऑफिसातून पॅकिंगचं फळकूट आणून मी त्यावर एकदा हात साफ करून घेतला होता. अर्ध्यातच ते तडकलं. तू म्हणालीस, "वाया नाही जायचं," आणि कुकर ठेवायला घेतलंस. अजून ओट्यावर आहे. अर्धी गिटार, वर कुकर.

आणि तो पुठ्ठा! फ्रीजच्या खोक्यातून मी पूर्ण मापाची गिटार कापली. जुन्या ओढणीचा पट्टा लावून तू ती दिवसभर गळ्यात घालून घरात हिंडलीस. तशीच पोळ्या लाटल्यास. सिलिंडरवाला आला तर दार उघडायलाही तशीच गेलीस. तो बघतच राहिला. "काकू, हे काय?"

"गिटार आहे. आवाज यायचाय अजून."

संध्याकाळी तू स्टुलावर बसलीस आणि तुझा हात जिथे टेकत होता तिथे मी पेन्सिलीने कडेने रेघ मारली. कोपरापासून मनगटापर्यंत. तेवढी कड घासून गोल करायची होती, म्हणजे हाताला रुतणार नाही. रेघ मारताना तुला गुदगुल्या होत होत्या. "हलू नकोस," मी म्हणत होतो. ती रेघ थोडी वाकडी आहे.

एक विचारू? आपण कापायला का घेतली नाही गं? मी कितीदा म्हटलं, टिंबरवाल्याकडून लाकूड आणतो, सुरू करू. तू म्हणायचीस, "घाई काय आहे? एकदा कापली की ठरवायला काही उरणार नाही." मलाही ते ठरवणं आवडत होतं, म्हणून मीही ताणून धरलं नाही. मग पावसाळ्यात तुला ताप आला. तो साधा ताप आहे असं तू म्हणालीस आणि मीही तसंच म्हणालो. आठवडाभरात सगळं संपलं.

आज फळी आल्यावर मृणालला फोन करून सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "बाबा, आता उजव्या हाताची करा ना. मी पुन्हा शिकते. आईची म्हणून निदान वाजेल तरी. डाव्या हाताची केली तर भिंतीवर टांगून राहील." तिचं काही चुकत नव्हतं. पुठ्ठा तोच, फक्त पालथा घालायचा. हिराजीचं म्हणणं वेगळंच. "आता कोन वाजवनार हाय ती? पाट करा चांगला, नि तायच्या फोटोखाली ठेवा."

मी पुठ्ठा माळ्यावरून काढला आणि फळीवर पालथा ठेवून पाहिला. तुझ्या हाताची रेघ खाली गेली. वर कोरा पुठ्ठा. मी ठरवलं, मुलगी म्हणतेय तसंच करू.

हिराजीला जेवायला वाढलं. तो तुझ्या फोटोसमोर बसला होता. तेराव्याला स्टुडिओतून मोठा करून आणलेला तो फोटो. गच्चीवर तू गिटार घेऊन बसली होतीस त्यातला, नुसता चेहरा. तुला खरं सांगू? त्या फोटोशी माझं कधी जमलंच नाही. रोज उदबत्ती लावतो, पण ही वनिता नाही असं वाटत राहायचं. माणूस गेलं की असंच होत असेल, असं मी धरून चाललो होतो.

हिराजी घास घेता घेता थांबला. "भावोजी, तायची चमकी ह्या बाजूला कशी?"

"कुठल्या?"

"बगा ना तुमी. उजव्या नाकात दिसते. तायचं डावं नाक टोचलेलं. मी होतो ना तवा, केवढी बोंबललेली!"

मी उठलो. कपाटातून तो मूळचा लहान फोटो काढला आणि दोन्ही शेजारी धरले. चमकी, भांगाजवळची ती बट, हनुवटीवरचा तीळ, सगळं इकडचं तिकडे. त्या स्टुडिओवाल्याने गिटार डाव्या हाताची बघितली असणार आणि फोटो उलटा छापला गेलाय असं त्याला वाटलं असणार. बिचाऱ्याने सरळ करून दिला! आणि इतके महिने आम्ही सगळे त्याला हात जोडत होतो.

हिराजी आधी मोठ्याने हसला. मलाही हसू आलं. तू गेल्यापासून या घरात कोणी असं हसलं नव्हतं. मग त्याने मोठा फोटो जवळ ओढला. "आयेने हात बांधला, शाळेने बांधला," म्हणाला, "नि मेल्यावर पन उजवीच केली हिला."

त्याने ताटाला नमस्कार केला, हात धुतला आणि फळीपाशी जाऊन पुठ्ठा स्वतःच उलटा केला. तुझी रेघ वर आली. "डावीच करा भावोजी. पाटाचं मी उगाच बोल्लो." जाताना मी त्याला सांगितलं, आतून पोखरून हलकी करायची आहे. डोळे पुसत म्हणाला, "मंजी होडीच की!"

मग मृणालला पुन्हा फोन केला. फोटोचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण बाबा, वाजवणार कोण?"

"मी."

"तुम्ही उजवे आहात!"

"तुझी आई डावी होती," मी म्हटलं. "जन्मभर उजव्या हाताने जेवली ना?"

फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं. एवढं मी कधी बोलतो? तू असतीस तर म्हणाली असतीस, "अगंबाई, तोंड आहे वाटतं यांना!"

तर वनिता, तुला शब्द देतो. गिटार डाव्या हाताचीच होईल. एकच बटण. होडीसारखा निळा रंग, त्यावर आता माझं काही म्हणणं नाही. रेघ वाकडी आहे तशीच ठेवीन, कड तिथेच गोल करीन. आणि पहाटे हेडफोन लावून मी डाव्या हाताने शिकेन. हात वळणार नाही, बोटं दुखतील, तारा चुकतील. किती जमेल ठाऊक नाही. पण तुला कसं वाटत होतं ते थोडंफार तरी कळेल.

लिहिता लिहिता दिवेलागण झाली. मधे उठून पेन्सिलीला टोक काढलं आणि पुठ्ठा धरून फळीवर कडेने रेघ मारून घेतली. धरायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून गुडघा ठेवला. तुझा उलटा फोटो खिळ्यावरून उतरवून ठेवला आहे. उद्या ऑफिसातून येताना स्टुडिओत नेईन. भात लावला होता, शिट्ट्या झाल्या. आत्ताच गॅस बंद केला आणि कुकर उचलून त्या अर्ध्या गिटारीवर ठेवला.

तुझा,
दिलीप