शुक्रवारच्या सहीआधी

प्रिय सुरभी,

फोनच केला असता, पण तुझे सासरे स्पीकर लावायला लावतात आणि मध्येमध्ये स्वतःच बोलतात. म्हणून अंगणवाडीच्या जुन्या वहीचं पान फाडून लिहिते आहे. हैबतराव! हो, आज नावानेच लिहिते, इतका वैताग आणलाय या माणसाने. पनवेलच्या दवाखान्यात हर्षदचं जे बीज काढून गोठवून ठेवलंय, त्याच्या भरवशावर यांनी माळ्यावरचा पाळणा खाली काढलाय. पोरगा जाऊन चार महिने झाले नाहीत. काल शेजारची पिंकी आली, तर तिलाही विचारून झालं, नाव काय ठेवायचं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी चुलीकडे.

आपल्याकडे वालाचं बियाणं कसं राखतात ते तू पाहिलंयस. चांगले दाणे निवडायचे, राखेत घोळवायचे, मडक्यात भरायचे. तीस वर्षं हे काम माझं. डोलवीच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून येताना हर्षद बाइकवरून पडला, डॉक्टर म्हणाले मशीन काढलं की संपलं, आणि त्यांच्यासमोरच हे मला म्हणतात, "शकू, बी राखलं नाय तर फुडल्या साली पेरायचं काय?" पेरताना रानाला कोणी विचारत नाही, तसं तुलाही विचारायचं यांच्या मनात आलं नाही. तेव्हाच ओरडायला हवं होतं मी.

डॉक्टर मात्र शहाणा. पेशंटची स्वतःची इच्छा होती का, असं त्याने विचारलं. तुम्ही दोघांनी मूल नको असं ठरवलेलं. तू तेच सांगायला तोंड उघडलंस आणि मी मध्येच म्हणाले, गणपतीत बिरडं सोलताना मला बोलला होता, आई, आता मूल हवंसं वाटतं. तू मग ते काढून ठेवायच्या कागदावर सही केलीस. बाहेर बाकावर एवढंच म्हणालीस, "मग मला का नाय बोलला तो?"

सुरभी, ते तुझं वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. आम्ही बिरडं सोललं हे खरं. पण तो म्हणाला होता, "आई, मुलावरून सुरभीला टोचू नको, आमचं दोघांचं ठरलंय." आणि उरलेले वाल सोलून देत बसला. मी खोटं बोलले गो. पोर हातचं जात होतं, त्याचं काहीतरी मागे राहू दे, एवढंच तेव्हा कळत होतं. आता लाज वाटते.

शुक्रवारी तू यांच्याबरोबर त्यातून मूल करायची दुसरी सही करायला जाणार, त्याची शेवटची इच्छा म्हणून. ती इच्छा त्याची नव्हती, माझी होती. तू पेणहून, माहेरातून हलू नकोस. डॉक्टरला काय ते मी जाऊन माझ्या तोंडाने सांगेन, आणि हैबतरावांनाही मीच बघते. पुढे तुला काय हवं ते तुझं तू ठरव. फक्त हर्षदवर रुसून बसली असशील, तर तेवढं सोड. त्याने तुझ्यापासून काही लपवलं नव्हतं.

तुझीच, तुला चालत असेल तर,
आई