चिमणीची पाणंद

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर,
दिवाळी पाडवा, २२ ऑक्टोबर २०२५

प्रिय हंबीरदादा,

पूर्णीचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडे तू, वहिनी आणि गोठा खुशाल असाल. वहिनीची कंबर थंडीनं पुन्हा धरली नसेल अशी आशा. फराळाचा डबा पाठवतेय. चकल्या जरा कडक झाल्यात, पण तुझे दात अजून चांगले आहेत. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून वहिनीच्या हाती हे पत्र. वाचून फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

आज जे झालं ते तू गेटाबाहेरून अर्धंच पाहिलंस. आतलं अर्धं मी सांगते. अजून माझ्या अंगावरचा काटा गेलेला नाही.

सकाळी मी आठव्या मजल्यावर गॅलरीत तोरण बांधत होते. तेवढ्यात तुझी फटफटी ऐकू आली. सायलेन्सर काढून असं गरजणारी गाडी अख्ख्या पेठेत दुसरी कुणाची असणार? खाली बघते तर पुढं तू फेटा बांधून, आणि मागं आपल्या म्हशी धावताहेत. शिंगं रंगवलेली, मोरपिसं खोचलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा. आबा गेले तरी पाडव्याची ही मिरवणूक तू एकदाही चुकवली नाहीस. तू सरळ मोठ्या घाटाच्या रस्त्याला लागलास. आणि आमच्या कोपऱ्यावर आपली म्होरकी म्हैस, चिमणी, थांबली.

पूर्वी आपली पाणंद जिथून नदीला उतरायची, तोच कोपरा. आता तिथं आमचं गेट आहे. तिनं एकदा तुझ्या गाडीकडे बघितलं, एकदा गेटाकडे बघितलं आणि वळली. एवढी मोठी झाली तरी नाव चिमणीच. पण ती वळली की बाकीच्या वळणारच. आणि तुला पत्ताच नाही! स्वतःच्या गाडीच्या आवाजात तू एकटाच मिरवत पुढं गेलास. रागावू नकोस, पण पुढं हंबीरराव फेट्यात आणि मागं शेपूटसुद्धा नाही, हे वरून फार झकास दिसत होतं.

पाडव्याच्या मुहूर्तावर कुणाची तरी नवी कार आत येत होती, म्हणून गेट सताड उघडं. चाकाखाली लिंबू ठेवलेलं. अण्णासो वॉचमननं काठी उगारली, मग चिमणीकडं बघून स्वतःच बाजूला झाला. ती कुणाकडेही न बघता सरळ चालत गेली आणि पोहायच्या तलावात उतरली.

तू आत कधी आला नाहीस, म्हणून सांगते. पाणंदीचा उतार होता नेमका तिथंच बिल्डरनं तलाव बांधलाय. पलीकडचा काठ असा केलाय, की तलावाचं पाणी पुढं पंचगंगेलाच मिळतंय असं वाटावं. फ्लॅट बघायला आलो तेव्हा आम्हीसुद्धा फसलो होतो. मग चिमणीचं काय चुकलं?

आमच्या शेजारची मोना तेव्हा टोपी घालून पोहत होती. चिमणी तिच्याजवळच ऐसपैस बसली. पोर हलायची बंद झाली. हळूच मला विचारते, "काकू, ही चावते का हो?" तोवर मी धावत खाली पोचले होते. म्हटलं, "चावत नाही, पण उठतही नाही." बाकीच्याही उतरल्या. निळ्या पाण्यात काळ्याभोर पाठी आणि शिंगांचा लाल रंग हळूहळू पसरत चाललेला. आधी आरडाओरडा झाला. मग एकेक जण कठड्याशी येऊन थांबला. गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती, फोन वर करायचंही विसरली होती. त्या बसल्याच होत्या अशा, की जागा त्यांची आणि पाहुणे आम्ही.

तेवढ्यात तू परत आलास. गेटाबाहेर गाडी बंद केलीस. आमचे हे पडले सोसायटीचे चेअरमन, त्यांचा पारा चढलेला. "हंबीरराव, आत या आणि जनावरं काढा आधी!" आणि तू रस्त्यावरूनच, "मी आत पाय टाकत न्हाय, बोललोय ते बोललोय! जनावरं पाण्याला आल्यात, पाण्याला जाऊ द्या की! वाट तुमी अडवलीया, मी न्हाय!"

काय बोललास ते मला पाठ आहे. वास्तुशांतीचं आवतण घेऊन मी आले होते, तेव्हा धार काढता काढता म्हणालास, "ज्या भिंतीनं जनावरांचं पाणी तोडलं, त्या गेटातनं मी येणार न्हाय. तुला त्यो फ्लॅट लखलाभ." मी आवतणाच्या अक्षता तशाच परत आणल्या.

तलावापलीकडं कुंपणात नदीकडचं मोठं लोखंडी दार आहे. लोकांना पाण्यापर्यंत वाट राहील, असं बिल्डरनं परवानगी घेताना कबूल केलेलं, म्हणून ते ठेवलंय. राहायला आलो तेव्हापासून त्याला कुलूप. आज ते दार उघडलं गेलं आणि चिमणी उठून बाहेर पडली. बाकीच्या मागोमाग गेल्या. मग मोना ओल्या कपड्यांनिशी गेली, टॉवरमधली माणसं गेली, आणि म्हशींमागून गेटात शिरलेल्या गल्लीतल्या बायकाही गेल्या. त्यातल्या एका म्हातारीनं किती दिवसांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला. आम्ही रोज वरून नदी बघतो, दादा. पण तिचं पाणी गार आहे, हे आज कळलं.

वहिनी फोनवर म्हणाली, तू घरी आल्यापासून एकच विचारतोयस, "आत कोण हुतं? आबांची हाक कुणी मारली?"

किती वेळ टाळू? मी मारली.

ह्यांनी ढकलून बघितलं, अण्णासोनं पाणी उडवून बघितलं, चिमणी जागची हलेना. मग मी नव्या साडीनिशी तलावात उतरले. आबा म्हणायचे, ही हाक गोठ्याची, पोरींनी मारायची नाही. म्हणून मी कधी मारली नव्हती, पण कान तर होते ना मला? चिमणी जन्मली तेव्हा आईच्या आजारपणामुळं मी माहेरी होते, बाटलीनं दूध पाजलंय तिला. तिच्या कानावर हात ठेवला आणि म्हटलं, "आऽऽ गं बाय माझे, आऽऽ!" माझ्या तोंडून आबांचाच आवाज निघाला. मीच घाबरले. आणि ती उठली, दादा! पाठीवरून पाणी ओघळत एवढी मोठी माझ्यासमोर उभी राहिली, आणि मला वाटलं मी देवळात उभी आहे. मी पुढं चालले, ती मागं. कुलूपही मीच काढलं. किल्ली आमच्याच स्वयंपाकघरात खिळ्याला असते.

आता घरात हे बोलत नाहीत. सकाळी ह्यांना ओवाळलं आणि दुपारी ह्यांच्याशी भांडले, असा माझा पाडवा. रविवारी मीटिंग आहे. ते दार काढून तिथं भिंत घालायची, असं ठरवायला चाललेत. मी उठून बोलणार आहे. चार लोकांत कधी बोलले नाही. पण ह्यांनी किल्ली मागितली, ती मी दिली नाही.

उद्या भाऊबीज. तू शपथ मोडू नकोस, गेटातून येऊ नकोस. शपथ गेटाची आहे, नदीची नाही. म्हशी घेऊन काठानं ये. मी दार उघडून, तबक घेऊन पाण्याशी उभी राहते. आधी चिमणीला ओवाळेन, मग तुला. नाही आलास तरी दार उघडंच ठेवणार आहे. पण रविवारी उभं राहायचं बळ कुठून आणू, एवढं मात्र सांगून जा.

किल्ली कमरेला खोचून बसलेली,
तुझी पूर्णी