प्रतिभाची चढाई, शटर पाचशे

शिरूर, ७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. बिरदेवमामांस,
धनश्रीचा शि. सा. न.

रविवारी, सोळा तारखेला, इथल्या मंगल कार्यालयात मॅट टाकून मुलींच्या कबड्डीची फायनल आहे, शिरूर विरुद्ध दौंड. फोटोचं काम मला मिळालंय. दौंडकडून आपली प्रतिभा खेळणार. आप्पा, म्हणजे तुम्ही, यंदा तिचा खेळ बंद करून स्टुडिओच्या काउंटरवर बसवणार म्हणून तिनं फोनवर माझं डोकं खाल्लं. तुम्ही तिचा खेळ कधी बघितलाच नाही, तर चढाईचा एक तरी फोटो असा काढ की आप्पांचा विचार बदलेल, म्हणाली. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, म्हणून लगेच सांगते.

पण सेमीफायनलच्या माझ्या फोटोंत मुली नाहीत, नुसती हललेली भुतं आहेत. उजेड कमी, आणि फ्लॅशला बंदी. सेटिंग लिहून पाठवा.

तुमची शिष्या,
धनश्री

दौंड, १० फेब्रुवारी

चि. धनश्रीस, अ. उ. आ.

फोनवर सांगितलं की तू व्हय मामा, व्हय मामा करतीस आन् इसरतीस, म्हणून लिहितोय. ऑटो बंद. लेन्सचं तोंड सगळं उघडं, दोन पॉइंट आठ. शटर पाचशेच्या खाली आणायचं न्हाई, न्हाईतर पळणारं माणूस हलतंय. आयएसओ बत्तीसशे, काळं आलं तर चौसष्टशे. फोटोवर दाणे येतील, येऊ देत.

मला त्या रविवारी कुरकुंभला लग्नाची ऑर्डर हाय. प्रतिभाचा गुडघा दोनदा फुटलाय, मामीला घोर लागतो. तरी फोटो बघून ठरवीन. मामीनं हरभरा पाठवलाय, सोलून खा.

तुझा मामा

शिरूर, १७ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस, शि. सा. न.

शेवटच्या चढाईला दोन्ही संघ बरोबरीत होते. प्रतिभा दोघींना शिवून मागं फिरली, मधली रेषा एका पावलावर. समोर मी. आठ वर्षं लग्नं काढून तोंडाला वळण पडलंय. निघून गेलं, "नवरी, इकडं बघा."

आणि मामा, ती थांबली. गिऱ्हाइकांना दाखवायच्या तुमच्या नमुन्याच्या अल्बममध्ये लहानपणापासून नवरी म्हणून तीच उभी ना. मान कलती, हनुवटी वर, गोड हसली. तेवढ्यात आमच्या चौघींनी तिला उचललं. शिरूर एका गुणानं जिंकलं, आणि लोकांनी मलाच हार घातला. शरमेनं मेले. ती माझ्याशी बोलत नाही.

व्हॉट्सॲपवर फोटोचा चुरा होतो, म्हणून पेनड्राइव्ह दौंडला येणाऱ्या संपतदादाबरोबर पाठवते. काचेसारखा स्वच्छ तेवढा हसरा फोटोच आलाय. चढाईत ती तुमच्या शटर पाचशेलाही सापडत नाही, बाकीचे सगळे हललेत. माझ्यापायी तिचा खेळ बंद करू नका, पाया पडते.

अपराधी,
धनश्री

दौंड, २० फेब्रुवारी

चि. धनश्रीस, अ. उ. आ.

तोंड बंद ठेवायची सेटिंग लिहायची राहिली, ती चूक माझी.

हसरा फोटो चांगला हाय, पण तसले माझ्याकडं पोत्यानं पडलेत. पेनड्राइव्हमधला सात नंबरचा फोटो बघ. रेषेकडं हात टाकलाय, केस तोंडावर, पाय हललाय, आन् ती कॅमेऱ्याकडं बघतच न्हाई. वीस वर्षांत माझ्या पोरीचा असा फोटो मला एकदाबी काढता आला न्हाई. मामी डोळं पुसत म्हणाली, "ही आपली हाय व्हय?"

काउंटरवर प्रतिभाऐवजी हाताखालच्या म्हाळूला बसवलंय. पुढच्या मॅचला मी लग्न धरलेलं न्हाई.

प्रतिभानं तुला माफ केलंय, पण एका अटीवर. नमुन्याच्या अल्बमला आता नवरी म्हणून तू उभी राहायचं. रविवारी शालू घेऊन ये. "इकडं बघा" ती म्हणणार हाय.

लोभ हायेच, तो हललेला न्हाई.
तुझा मामा