फळीवरचा डबा

आत्याबाई, ओळखलंत का? मी तुमची धाकटी सून. नसेल ओळखलं तर राग नाही. जित्या होतात तेव्हाही मिश्रीची डबी मुठीत धरून मलाच विचारायचात, "माजी मिश्री कुटं ठिवलीस गं?" मेल्यावर माणसाचं डोकं सुधारतं असं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही. मला अक्षर येत नाही, तेवढं तरी आठवत असेल. म्हणून मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. तिला बजावलंय, बोलते तसंच लिही, तुझ्या कॉलेजचं शहाणपण त्यात घालू नको.

बोलायचं आहे ते भाभीच्या डब्याचं. शेजारची भाभी, तुमच्या मैत्रिणीची, खालाची सून. तुमचं न् खालाचं किती जमायचं! ईदला तिकडून त्या पितळी डब्यात शीरखुर्मा यायचा आणि येळवशीच्या अमावास्येला शेतात पूजा झाली की त्याच डब्यात आपल्याकडची दाण्यापाल्याची भज्जी जायची. लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी मी तो डबा राखेनं घासून, लखलखीत करून, रिकामाच परत द्यायला निघाले होते. उंबऱ्यात तुम्ही माझा दंड धरलात. "रिकामा डबा? भिंतीपलीकडं वाटंल ना, ह्या घरात कुनी मेलं म्हनून!" मग दोन मुठी शेंगदाणे टाकलेत आणि वर गुळाचा खडा. तो दंड मला अजून दुखतो, खोटं नाही सांगत.

तुमच्या नातवानं, म्हणजे माझ्या धाकट्यानं, संघटना काढली. आता चाळिशी ओलांडलेला बाप्या आहे तो. मारुतीच्या पारावर अकरा जण बसलेत, मध्ये नारळ, सगळ्यांच्या गळ्यात नवे कोरे गमजे. हा उभा राहून शपथ सांगतो आहे : त्यांच्या दुकानात जायचं न्हाई, त्यांच्या घरचं खायचं न्हाई, धर्म धोक्यात हाय. मी चहाची किटली घेऊन गेलते. मला वाटलं, मिशांना पीळ द्यायला एक जागा झाली, चार दिवसांनी थंड होतील. तसं झालं नाही. भाभीच्या लेकाचं स्टँडावर शिलाईचं दुकान होतं. लोक कापडं टाकायचे बंद झाले आणि शेवटी तो मशीन टेम्पोत घालून परळीला गेला. मी ओट्यावरून बघत होते. भाभीही बघत होती.

त्या वेळी तिचा डबा आमच्याच फळीवर होता, आधीच्या ईदचा. पुढच्या ईदला ती पदराखाली वाडगा घेऊन आली. मी म्हटलं, "भाभी, आज उपास हाय मला." ती म्हणाली, "कायका उपास?" मला वारसुद्धा सुचला नाही. ती वाडगा घेऊन तशीच वळली.

आता संघटनेचं ऐका, तुम्हाला हसू येईल. वर्षाच्या आत फुटली. कावून? फ्लेक्सवर तुमच्या पुतण्याच्या नातवाचा फोटो आमच्या पोराच्या फोटोपेक्षा बारीक आला म्हणून. त्यानं चार माणसं घेऊन वेगळी काढली. मग मिरवणुकीत झेंडा कुणी धरायचा यावरून राहिलेली पुन्हा फाटली. आमच्या पोराकडं चार उरले आणि तिसऱ्या संघटनेत दोनच, एक अध्यक्ष, एक कार्याध्यक्ष. सभासद कोण विचारलं की दोघंही चिडतात. शपथ तीच, गमजे तेच, पाट्या मला वाचता येत नाहीत, त्यामुळं मला तिन्ही एकच दिसतात. आता हे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. शपथ दुसऱ्यांसाठी घेतली होती, पाळतात आपसांत. जुने फ्लेक्स मी गच्चीवर अंथरते, तुरीची डाळ वाळवायला. पोराच्या तोंडावर डाळ लई छान वाळते.

"आज्जी, हे लिहू?" नात विचारते आहे. लिही. तुझा बाप काही ते वाचत नाही.

एका सभेत पुतण्याकडच्यांनी माईकवरून सांगितलं, "अध्यक्षाच्या घरात फळीवर त्यांचा डबा हाय!" पोरगा तणतणत घरात आला.

"आई, तो डबा देऊन टाक."

"भरून देते."

"भरून न्हाई! रिकामा दे."

"रिकामा डबा ह्या घरातून गेलेला न्हाई. तुझ्या आज्जीला विचार."

"ती मेलीय!"

"मंग थांब, मी गेल्यावर विचारून सांगते."

हात वर केला होता त्यानं डब्याकडं, पण उचलला नाही. बिचाऱ्याला भरलेला देववेना आणि रिकामाही देववेना. तीन येळवशी डबा फळीवर राहिला.

आता त्या उरलेल्या चौघांनी यालाच काढून टाकलंय. ज्यानं नारळ फोडला त्यालाच. आठ दिवस तोंड पाडून बसला होता, मग शेतात जायला लागला. हरभरा बरा आलाय, आणि खरं सांगू, जेवणाऱ्या माणसासारखा जेवतो. आज सकाळी मी भाकरी थापत होते. तो आला, फळीवरचा डबा काढला, फुंकर मारून धूळ उडवली, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "उद्या येळवस हाय ना." एवढंच. गमज्याच्या टोकानं झाकण पुसत होता. शिलाईचं दुकान काही एवढ्यानं परत येणार नाही, ते त्यालाही कळतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकून पोचणार कुठं? पण एक कबूल करते. तुमची रीत राखली म्हणून मी गावात मिरवते, पण ते खरं नाही. तीन वर्षांत कधीही भज्जी भरून मी भिंतीवरून डबा देऊ शकले असते. मला पोराची भीती वाटत होती. तुमचं नाव पुढं केलं आणि मागं लपले.

बास, पोरी, ठेव तो पेन. उद्या भज्जी झाली की देवाच्या आधी डबा भर, वरपर्यंत. आंबील तांब्यात दे. बाजरीचे उंडे मऊ वळ, भाभीचे दात गेलेत. आणि डबा तुझ्या बापाच्या हातानंच पाठव.