तळ्याकडची बाजू

रविवार, १४ एप्रिल

तीर्थरूप दादास,

नमस्कार. साष्टांग घालायला पुढ्यात जागा नाही, ओल्या चादरींच्या टोपल्या आहेत. बसल्या बसल्याच गोड मानून घे.

तुझं पत्र मिळालं. पोस्टातल्या बाईंनी मला भररस्त्यात गाठलं. "अहो, किती शोधायचं तुम्हाला!" म्हणाल्या. तू विचारलंस, कशी आहेस, कुठे आहेस, काळजी वाटते. मी बरी आहे. वहिनीची कंबर कशी आहे? थोरलीचं लग्न ठरल्याचं कळलं, बरं वाटलं. इकडे हंगाम जोरात आहे. होड्यांसाठी माणसं भांडतात, तळ्याच्या काठाने चालायला वाट उरत नाही.

काळजी संपल्यावर खाली तू घर विकायचं लिहिलंस. आबांनी घर दोघांच्या नावावर केलंय, तेव्हा गिऱ्हाइकाला माझीही सही लागते. "मागचं सगळं विसरून जाऊ," असंही लिहिलंस. कोणी विसरायचं, ते लिहायचं राहून गेलं.

आई गेल्यावर तू म्हणालास, "हंगामापुरती बाजूला हो, खोल्या पाहुण्यांना देऊ." मी ट्रंक उचलली आणि मी कामाला होते त्या हॉटेलच्या मागे, आम्हा धुलाईखान्यातल्या बायकांसाठी ज्या खोल्या होत्या, तिथे जाऊन राहिले. हंगाम संपला, तर घराला नवीन कुलूप. तेव्हाही गप्प बसले, कारण हाताला काम होतं. मग हॉटेलवाल्यांनी धुलाईखानाच बंद केला. आता चादरी ट्रकने शहरात जातात. आमच्या खोल्यांना रंग लावून तिथेही पाहुणे ठेवले. काम आणि छप्पर एकदमच गेलं.

खोलीसाठी गावात दारोदार फिरले. सगळ्यांचं उत्तर एकच, "महिन्याने नाही देत हो आम्ही, रोजाने देतो." एका रोजात जेवढं मागत होते, तेवढ्यात मी महिना काढते.

फोनवर तुला म्हणाले होते की मैत्रिणीकडे राहते. मैत्रीण कुठली? बसस्थानकात बायकांची बसायची खोली आहे, तिथे राहत होते. चौकीदार आला की जुनं तिकीट हातात धरून गाडीची वाट बघितल्यासारखं करायचं. त्यालाही कळायचं. बिचारा दुसरीकडे बघायचा.

तुला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं धरून हे पत्र लिहायला बसले होते. जमत नाही. आधीच दिवाळखोर, त्यात एवढं खोटं मला परवडत नाही.

तू मित्रमंडळींना घेऊन आलास, तेव्हा तुमची गाडी बसस्थानकासमोर थांबली. मी नळावर तोंड धूत होते. वहिनीची मैत्रीण उतरली, माझ्याकडे आली आणि बिस्किटांचा पुडा माझ्या हातात ठेवला. "घ्या मावशी, खाऊन घ्या." चांगली बाई होती. तिच्यामागे तू गाडीचं दार धरून उभा होतास. आपली नजरानजर झाली, दादा. मी "दादा" म्हणायला तोंडही उघडलं. तू म्हणालास, "चला, चला, जेवायला उशीर होतोय."

बिस्किटं मी खाल्ली. भूक होती.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. कामं शोधली, भांडी घासली, पण आतून हेच उकळत होतं की याला दाखवायचं. कसं, ते कळत नव्हतं. ते तूच पत्र पाठवून शिकवलंस. माझी सही लागते, म्हणजे घर अजून माझंही आहे!

मी तडक घरी गेले. तुझा देखरेखवाला फाटकात आडवा आला. "साहेबांना विचारावं लागेल."

"विचार ना. माझी आंघोळ होईपर्यंत विचारून घे."

आईची खाट होती तिथे तू पाहुण्यांसाठी मोठा टब बसवलायस. गरम पाणी भरून मी त्यात बसले आणि आईला हाका मारून रडले. मग केस पुसले आणि बसस्थानकावर जाऊन, माझ्यासारख्याच तिथे दिवस काढणाऱ्या धुलाईखान्यातल्या बायकांना घेऊन आले. त्यांनाही कुठे घर होतं? तिघींना तळ्याकडच्या खोल्या दिल्या. तुझ्या खोल्यांना मी हात लावलेला नाही. तुझे पाहुणे सुखाने राहिले आणि आपापल्या दिवशी गेले. आमच्यातल्या चष्मेवालीने त्यांना चहासुद्धा करून दिला.

आता आम्ही गावातल्या लहान लॉजच्या चादरी धुतो. ट्रक त्यांना परवडत नाही. वाळत घालायला ऊन फक्त पुढच्या अंगणात, म्हणून दोऱ्या तिथेच बांधल्या. तुझ्या व्हरांड्यातून आता तळं दिसत नाही. लोकांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल दिसतात.

तुझं गिऱ्हाईक मंगळवारी एकटंच येऊन गेलं. ओल्या चादरींतून वाट काढत व्हरांड्यात आलं. "हे घर विकायचंय ना?"

मी म्हटलं, "अर्धं. दुसऱ्या अर्ध्यात आम्ही राहतो, आणि आम्ही हलणार नाही."

माणूस सभ्य होता. पाणी प्यायला आणि गेला. त्याचं उत्तर तुला एव्हाना मिळालंच असेल. तुझा चेहरा कसा झाला असेल, याचा विचार करत मी काल दिवसभर इस्त्री केली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

सही करणार नाही. आज नाही, थोरलीच्या लग्नाआधी नाही, नंतरही नाही. वकील आण, पंच आण, वहिनीला रडायला आण.

आणि स्वतः येणार असशील, तर फाटकाशी थांब. या बायका तुला ओळखत नाहीत. विचारतील, "कोण हवंय?" तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग की माझी बहीण इथे राहते. मी आतून ऐकेन. पुढे दार उघडायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तुझी सख्खी, एकाच आईची,
बहीण