हिची जन्मतारीख आणि दुकानाचं वाय-फाय

९ मे
ठरलं. दुकानाच्या वाय-फायला कुलूप घालायचं. शेजारच्या सलूनमधली गिऱ्हाईकं केस कापून घेताना आमच्या नेटवर सिनेमे बघतात, आणि इथे नळांचा स्टॉक मोजायचे दोन्ही हँडहेल्ड स्कॅनर रडतखडत चालतात. मुलगी म्हणाली, बाबा, टेक्निशियनला बोलवा. हसलो.

९ मे, संध्याकाळी
राउटरवर एन्क्रिप्शन टाकलं. पासवर्ड हिची जन्मतारीख, आठ आकडे. नवरा असावा तर असा. हिला तसं सांगितलंही. आकडे मात्र मोठ्याने म्हटले नाहीत, सिक्युरिटी म्हणून. ही चक्क लाजली.

१० मे
हिच्या हँडहेल्डवर लागत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतं. मी माझ्या हँडहेल्डवर टाकला, लगेच लागला. निदान: ही बटणं हळू दाबते. नीट समजावून सांगितलं.

१२ मे
आता ठासून दाबते, तरी नाही. म्हटलं, आण इकडे, मी टाकतो. तर म्हणाली, दर वेळी तुमच्या मागे फिरू का, माझं मला जमलं पाहिजे. हट्टीपणा, दुसरं काय. स्टॉक कागदावर लिहिते आहे. मशीनमध्येच खोट असणार. एक-दोन दिवसांत छडा लावतो.

१४ मे
दिवसभर हिच्या हँडहेल्डला चिकटलो. मुलीने फुलं आणून काउंटरवर ठेवली. राउटरशेजारी पाणी! उचलून मागे नेऊन ठेवली. हिच्या बहिणीचे सारखे फोन. ही सकाळपासून नवा ड्रेस घालून का बसली होती कोण जाणे, दुकानात सगळीकडे ग्रीस. संध्याकाळी म्हणाली, आज लवकर बंद करून बाहेर जेवू या. म्हटलं, अपडेट अर्ध्यावर सोडता येत नाही. बरं म्हणाली. समजूतदार आहे.

१६ मे
टेक्निशियनला बोलावलं. मदतीला नाही, मशीन खराब आहे हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायला. त्याने हँडहेल्ड उलटसुलट करून पाहिला आणि पासवर्ड विचारला. नाइलाजाने सगळ्यांसमोर सांगितला: चोवीस, मे महिना, पुढे साल.

मग ही म्हणाली, माझी तारीख चौदा. परवा झाली.

टेक्निशियन चहा न घेताच गेला. मुलगी म्हणाली, बाबा, पासवर्ड मात्र जबरदस्त, आईलासुद्धा ओळखता आला नाही.

साल बरोबर होतं. ते कुणी लक्षात घेत नाही.

१७ मे
हिने पासवर्ड बदलला. स्वतः, चुटकीसरशी. दोन्ही हँडहेल्ड सुसाट. माझा फोन तेवढा बाहेर. विचारलं तर म्हणाली, सोपा आहे, माझी सगळ्यात आवडती गोष्ट. एवढंच ना! जेवायच्या आधी काढतो.

१९ मे
गुलाब नाही. समुद्र नाही. निळा रंग नाही. मुलीचं नाव नाही. माझं नाव तर सगळ्यात आधी टाकून पाहिलं होतं.

२१ मे
सलूनवाल्याने त्याचं वाय-फाय वापरायला दिलं. भला माणूस आहे. त्याच्याच खुर्चीत बसून हे लिहितोय.

दुपारी धीर करून हिला विचारलं, तुला नक्की काय आवडतं? ही वॉशर मोजत होती, थांबली. म्हणाली, लग्न झाल्यापासून हे आज पहिल्यांदा विचारलंत. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. उभाच राहिलो. वाटलं, आता सांगेल.

म्हणाली, तुमच्यामुळे आकडा चुकला. आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.